बॅटरीचा डबा, मकरपुरा जीआयडीसीतला

बडोद्यात कॅम्परव्हॅनसाठी लिथियम बॅटरीचा डबा आणि माउंटिंग करून घ्यायचं असेल, तर मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्या बनवणाऱ्यांकडे जा. गाड्यांचं फर्निचर करणाऱ्यांकडे नको. आम्ही तसंच केलं आणि काम इतकं मनासारखं झालं की सविस्तर लिहायला बसले.

आमची गाडी फोर्स ट्रॅव्हलर. मागे पलंग, एक छोटा ओटा, फ्रिज, दोन पंखे. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर, म्हणजे १२८० वॅट-अवर. वजन जेमतेम १२ किलो. घरच्या इन्व्हर्टरची मोठी ट्यूब्युलर पन्नास किलोच्या पुढे जाते, त्यामुळे ही उचलली की वाटतं, हिला काय एवढं धरून ठेवायचंय! पण इलेक्ट्रिक गाड्यांच्या मुख्य बॅटरीसाठी आर१०० नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. छोट्या प्रवासी गाड्यांच्या बॅटरीला त्यात पुढेमागे २० जी (म्हणजे स्वतःच्या वजनाच्या वीसपट) आणि आडव्या दिशेने ८ जी धक्का सोसावा लागतो. व्हॅनमधल्या आमच्या घरगुती बॅटरीला तो लागू नाही, पण हिशेबाला चांगला. १२ किलो गुणिले २० म्हणजे क्षणभरासाठी २४० किलोचा जोर. सासूबाईंची सीट पलंगाच्या अगदी पुढे, बॅटरी पलंगाखाली. गाडी कुठे आदळली तर ती सुटून नेमकी त्यांच्या पाठीत बसणार. मला त्या २४० किलोंचं उत्तर हवं होतं.

आतलं फर्निचर ज्यांनी केलं, ते प्लायचा खोका करून फ्लोअरच्या प्लायला स्क्रूने मारून देणार होते. दिसायला छान झालं असतं, पण प्लायमध्ये धरलेल्या स्क्रूवर एवढा भरवसा ठेवायची माझी तयारी नव्हती.

मकरपुऱ्यातल्या शेडमध्ये मालकांनी पहिला प्रश्न विचारला, ‘बेन, ड्रॉइंग लाव्या छो?’ मी ड्रॉइंगच्या जोडीला बॅटरीच नेली होती. त्यांनी टेप लावून मापं घेतली, टर्मिनल कुठल्या बाजूला येतात ते पाहिलं आणि डब्याऐवजी आधी फ्रेमबद्दल बोलायला लागले. तिथेच माझा विश्वास बसला. बॅटरीला फ्रेमने धरायचं, फ्रेमला गाडीने धरायचं, आणि पत्र्याचा डबा नुसता झाकणापुरता, असं त्यांचं म्हणणं.

वेल्डर धुळ्याकडचा मराठी मुलगा. भोकं पाडण्याआधी तो टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. मग खालूनच आवाज आला, ‘ताई, तुम्ही खूण केलीय तिथं ड्रिल मारलं तर बिट डिझेलच्या पाइपावर येतंय. दोन इंच मागं घेऊ, तिथं क्रॉस मेंबरचा, चासीच्या आडव्या पट्टीचाही आधार मिळतो.’ ब्रेकची लाइन, वायरिंगची जुडी, सगळं खडूने खालच्या पत्र्यावर आखून दाखवलं. वरून मापं घेऊन सरळ ड्रिल चालवणारेच जास्त भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

फ्रेम २५ बाय २५ बाय ३ मिलिमीटरच्या एमएस, म्हणजे साध्या पोलादाच्या, अँगलची. चार एम८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे, फ्लोअरच्या आरपार. खालून नुसते वॉशर लावले नाहीत, ५० मिलिमीटर चौरस जाड प्लेटा लावल्या, म्हणजे बोल्ट पातळ पत्रा फाडून वर येणार नाही. हादऱ्याने सैल न होणारे नायलॉक नट, भोकांभोवती पीयू सीलंट, कारण चाकाने उडवलेलं पावसाचं पाणी तिथेच येतं. बॅटरी उभी, टर्मिनल वर. तळाला रबर, चारही बाजूंनी अँगलची किनार, आणि वरून रबर लावलेल्या दोन आडव्या पट्ट्या, थ्रेडेड रॉडने फ्रेमलाच आवळलेल्या. पट्ट्या टर्मिनलपासून लांब आहेत, आणि आवळल्या आहेत त्या बॅटरी हलणार नाही एवढ्याच, तिचं प्लॅस्टिकचं अंग दबेल इतक्या नाहीत.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते झाकण. आतून पूर्ण हायलमची, म्हणजे वीज न वाहणारी, शीट. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध काही मिलिओहम असतो, त्यामुळे दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर हजारो अँपिअर वाहू शकतात. बॅटरीतला बीएमएस (तिचं संरक्षण करणारं सर्किट) प्रवाह तोडेल खरा, पण सगळा भार त्याच्यावरच का टाकायचा? पॅनेलवाल्यांना हे सांगावं लागत नाही, उघड्या बसबारच्या (वीज वाहणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांच्या) आसपास त्यांचं आयुष्य जातं. पॉझिटिव्हच्या लगोलग फ्यूज बसेल अशी जागाही डब्यातच ठेवली. आमच्या इलेक्ट्रिशियनने तिथे टी क्लास फ्यूज लावला. एवढा मोठा करंट सुरक्षित तोडू शकेल असाच फ्यूज इथे घ्या, स्टिरिओच्या दुकानात मिळणारा साधा नको.

आता उष्णता. या बॅटरीला शून्याखाली चार्ज करायचं नसतं, पण बडोद्यात ती चिंता नाही. इथे वरची मर्यादा आडवी येते. बहुतेक कंपन्या चार्जिंगसाठी ४५ अंश सांगतात आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ असतं. उन्हात बंद उभ्या गाडीत त्याहून किती वर, ते दार उघडताना तोंडावर येतंच. म्हणून डबा पश्चिमेच्या उन्हाने तापणाऱ्या बाहेरच्या पत्र्याला चिकटवला नाही, आतल्या बाजूला घेतला. खाली एक आणि समोरच्या बाजूला वर एक अशा जाळ्या ठेवल्या, बॅटरीभोवती बोटभर मोकळी जागा सोडली. अल्टरनेटरवरून चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर स्वतःच चांगला तापतो, तो डब्याबाहेर वेगळ्या प्लेटवर आहे. बॅटरीचा डबा गाडीच्या पोटाखाली बाहेर बसवायचा विचारही झाला होता. पण तिथे पाणी आणि दगड दोन्हींपासून बचाव करणारी पूर्ण सीलबंद पेटी लागते, आणि पेटी सीलबंद झाली की आतली उष्णता बाहेर काढायची कशी, हा प्रश्न पुन्हा उभा.

दोन गोष्टी खटकल्या. केबलच्या भोकाची कड धारदारच सोडली होती, ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रबराची कडी, मागून घ्यावा लागला. ३५ स्क्वेअर एमएमची केबल त्या कडेवर घासत राहिली असती तर तिचं इन्सुलेशन कापलं जाऊन शॉर्ट झाला असता. या कारागिरांकडून ही अपेक्षा नव्हती. दुसरं, पावडर कोटिंग बाहेर पाठवतात आणि तिथे दिवस जातात. ‘काले आपी दईश’, म्हणजे उद्या देतो, हे वाक्य बऱ्याचदा ऐकलं. ट्रिपची तारीख ठरलेली असेल तर हाताशी मोकळे दिवस ठेवून द्या.

डबा बसवल्यावर सापुताऱ्याचा घाट झाला, कच्छमधले खडबडीत रस्ते झाले. वेल्डरने निघताना प्रत्येक नट आणि बोल्टवर पिवळ्या रंगाची एक सलग रेघ ओढून दिली होती, नट फिरला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून. परत आल्यावर खाली वाकून चारही पाहिल्या, सगळ्या जुळलेल्या. बॅटरीच्या वरच्या पट्ट्या मात्र रबर थोडं बसल्यामुळे पाव आटा आवळाव्या लागल्या.

फ्रेम, डबा, कोटिंग आणि बसवण्याची मजुरी धरून साडेसात हजार झाले. प्लायचा खोका याच्या निम्म्यात झाला असता. वायरिंग ते करत नाहीत आणि तसं पहिल्याच भेटीत सांगतात, तेव्हा इलेक्ट्रिशियन आपला ठरवूनच जा. बॅटरी सोबत न्या, आणि ग्रोमेट मजुरीत धरलाय का ते आधीच विचारून घ्या.