चॅपलच्या छतावरून बेतलेली लेस शाल: पॅटर्न विणून पाहिल्यावर

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलचं छत नुसतं फोटोत पाहिलेलं असलं, तरी या पॅटर्नचा चार्ट (टाक्यांचा चौकटींतला आराखडा) उघडल्याबरोबर ओळखू येतं. जॉन वॅस्टेलने १५१२ ते १५१५ या काळात उभारलेल्या त्या छतात भिंतीकडेच्या खांबांतून दगडी बरगड्या फुटतात आणि वर जाताना पंख्यासारख्या पसरतात.

वास्तूंवरून बेतलेले बरेच पॅटर्न मी विणले आहेत. बहुतेकांत कमानीचं नक्षीकाम वरवर छापल्यासारखं असतं. इथे मात्र छताची रचनाच उचलली आहे, म्हणून मला ही शाल इतकी आवडली. अर्धगोल शालीत त्रिज्या दुप्पट झाली की टाकेही दुप्पट लागतात. नेहमीच्या पद्धतीत ते एकाच ओळीत वाढवतात आणि तिथे भोकांचा पट्टा उमटतो. इथे वाढ बरगडीच्या फाट्यात लपते. एका सुलट टाक्याची बरगडी वर येते, तिच्या दोन्ही अंगांना धागा पुढे घेतला, म्हणजे सुईवर एकेक जादा वेढा घेतला, की एकाचे तीन टाके होतात. बाहेरचे दोन नव्या बरगड्या होऊन वर चढतात, मधल्या जागेत जाळी सुरू होते. डोळ्यांना दिसतो तो फक्त फाटा.

कमानीच्या टोकाचा विचारही तितकाच बारीक. तीन टाके सरळ एकत्र विणले तर टोक एका बाजूला कलतं. म्हणून दोन टाके न विणता एकत्र उचलायचे, तिसरा विणायचा आणि उचललेले दोन त्याच्यावरून टाकायचे. मधला टाका वर राहतो, टोक अणकुचीदार येतं.

तक्रारी दोन. शेवटचा चार्ट दोन पानांत तोडला आहे, तोही नेमका कमानीच्या मध्यावर. पानं चिकटवल्याशिवाय विणणं अवघड. आणि टाक्यांची बेरीज फक्त चार्टच्या शेवटी दिली आहे, ती प्रत्येक फाट्यानंतर हवी होती. लाइफलाइनचा दोरा, म्हणजे चुकलं तर तिथवरच उसवता यावं म्हणून ओळीच्या टाक्यांतून घातलेला जादा दोरा, ओवून ठेवाच.

सुचवलेली रेशीममिश्रित लोकर मला पटली नाही. ती झुळझुळीत पडते, पण बरगड्या सपाट होतात. एकरंगी, बारीक, शुद्ध लोकर घ्या. छटा बदलणाऱ्या धाग्यात कमानी हरवतात, आणि अ‍ॅक्रिलिक नुसतं भिजवून ताणलं तर पुन्हा आक्रसतं. सुईवर असताना शाल चुरगळलेलीच दिसणार, धीर सोडू नका. भिजवून, पिळून न काढता टॉवेलमध्ये दाबून, प्रत्येक टोकाला टाचणी लावून ताणली की मगच जाळी उघडते.

टाके बंद करायची पॅटर्नमधली साधी पद्धत मात्र वापरू नका. ती कड ताणली जात नाही, टोकं आत ओढली जातात. त्याऐवजी दोन टाके एकत्र विणून, आलेला टाका परत डाव्या सुईवर घेत सैल हाताने बंद करत जा.