नेट बंद की पोस्ट बंद?

अफवा भडकली की सरकारपुढे दोन वाटा असतात: अख्ख्या शहराचं इंटरनेट तोडायचं, नाहीतर नेमकी ती पोस्ट हटवायची.

पहिली वाट सोलापुरात धरून बघा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलवाला नव्या डिझाइनचे फोटो व्यापाऱ्याला पाठवतो ते व्हॉट्सॲपवर. नवी पेठेत चहाचे दहा रुपयेसुद्धा क्यूआरवर. कुणा एकाने खोटा व्हिडिओ टाकला म्हणून या सगळ्यांचा दिवस बुडवायचा? बरं, ‘ही अफवा आहे’ हे पोलिसांनी तरी मग सांगायचं कुठे? २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश प्रसिद्ध करावाच लागेल.

दुसरी वाट म्हणजे आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याचं कलम ६९अ, ज्याखाली केंद्र सरकार नेटवरचा ठरावीक मजकूर बंद करायला लावू शकतं. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी ठरावीक कारणं, तीही लेखी. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने आक्षेपार्ह पोस्टसाठी शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द केलं, ६९अ मात्र टिकलं.

माझा कौल दुसऱ्या वाटेला. पण ६९अ खालच्या २००९ च्या नियमांनी तिथली तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवलीय, ते खटकतं. नेटबंदीचा आदेश निदान वाचायला मिळायला हवा. इथे पोस्ट उडाल्याचं कारण लिहिणाऱ्यालाही अनेकदा कळत नाही.