‘इमोबिलायझर गेलाय साहेब’ : न बदललेल्या पार्टचं बिल

गाडी सेल्फ मारत होती, पण इंजिन पकडत नव्हतं. पकडलंच तर दोनेक सेकंदांत बंद. मीटरवरचा किल्लीच्या चिन्हाचा दिवा इग्निशन ऑन असतानाही भराभर लुकलुकायचा. किल्ली काढून पुन्हा घातली की कधी सुरळीत चालू व्हायची, कधी ढिम्म. किल्ली ओळखली जात नसली की बऱ्याच गाड्या अशाच वागतात, त्यामुळे दुखणं इमोबिलायझरमध्ये, म्हणजे योग्य किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेत आहे हे गॅरेजवाल्याने बरोबर सांगितलं. फसवणूक त्यापुढे सुरू झाली.

गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावून त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. लाल ओळींची रांगच. “बघा साहेब, अख्खी सिस्टीम बसलीये. इमोबिलायझर युनिट उडालंय, ईसीएम लॉक झालाय. दोन्ही नवीन टाकून किल्ल्या परत कोड कराव्या लागतील.” (ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर.) कोडिंगसाठी, म्हणजे किल्ल्यांची गाडीत नोंद करायला, दोन्ही किल्ल्या ठेवून घेतल्या, गाडीही तिथेच राहिली. बिल भरलं, गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली आणि काही आठवडे चाललीही. मग पुन्हा तोच दिवा, तोच खेळ. फोन केला तर म्हणे, “आता वायरिंगचा प्रॉब्लेम असेल, त्याचा खर्च वेगळा.” जुने पार्ट मागितले तर “एक्स्चेंजमध्ये कंपनीला परत गेले.” जुना पार्ट परत घेऊन नव्याची किंमत कमी करण्याची पद्धत खरोखरच आहे, म्हणून हे उत्तर पटकन पटतं. पण मग बिलावर तेवढी सूट दिसायला हवी. माझ्या बिलावर नव्हती.

दुसऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने आधी स्कॅनरला हातही लावला नाही. मल्टिमीटर बॅटरीला लावला: गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १० च्या वर. म्हणजे बॅटरी ठणठणीत. हे आधी का बघायचं, तर बॅटरी पडली असेल तर गाडीतली युनिट्स एकमेकांशी बोलायची थांबतात आणि स्कॅनरवर कोडचा पाऊस पडतो. त्यातले अर्धे कोड जुनेच असतात, कधीतरी येऊन गेलेले आणि मेमरीत पडून राहिलेले. सगळे कोड पुसायचे, गाडी पुन्हा चालू करून बघायची आणि जे परत येतील तेवढेच खरे मानायचे, ही साधी रीत. पहिल्याने ती केली नाही. लाल स्क्रीन दाखवूनच त्याचं काम झालं होतं.

परत आलेल्यांत माझ्या गाडीत एकच कोड होता, पी०५१३. त्याचा अर्थ एवढाच की योग्य किल्ली ओळखली गेली नाही. दोष किल्लीचा, कॉइलचा, वायरचा की युनिटचा, ते तो कोड सांगत नाही. तसंच यू०१०० आला म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटला, ईसीएम मेला असं नव्हे. फ्यूज, अर्थिंग किंवा वायर यांपैकी काहीही असू शकतं. कोड आला म्हणजे पार्ट गेला, या एका खोट्या समीकरणावर किती गॅरेजं चालत असतील कोण जाणे.

मग त्याने स्टीअरिंगखालचं कव्हर काढलं. इग्निशन लॉकभोवती एक तांब्याच्या तारेची रिंग असते, तीच अँटेना कॉइल. किल्लीतल्या चिपला स्वतःची बॅटरी नसते. ही कॉइल बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झवर तिला वीज पुरवते आणि चिप आपली ओळख परत पाठवते. (म्हणून, किल्ली घालून फिरवायची गाडी असेल, तर इंजिन चालू होत नाही यावर रिमोटचा सेल बदलणं हा इलाज नव्हे. त्या सेलवर फक्त दरवाजाचं लॉक चालतं.) माझ्या कॉइलच्या सॉकेटमधली एक पिन सैल होती आणि तिच्यावर हिरवट गंज धरला होता. इग्निशन ऑन ठेवून त्याने सॉकेट बोटाने हलवलं तसा तो दिवा विझला, पुन्हा लुकलुकला, पुन्हा विझला. पिन साफ करून आवळली, संपलं. पहिल्याने बहुधा तेच सॉकेट काढून परत बसवलं असणार, म्हणून गाडी तेवढे दिवस चालली.

मी म्हटलं, आता ते नवीन युनिटही दाखव. त्याने टॉर्च मारला. बोल्टवर कारखान्यात मारलेली पिवळ्या रंगाची रेघ अखंड होती. बोल्ट फिरवला असता तर ती तुटली असती. वर धुळीचा थर, त्यावर बोटाचा ठसादेखील नाही. ईसीएमच्या लेबलवर गाडीच्याच वर्षाची तारीख. तिथल्या तिथे फोटो काढले.

खरा हादरा त्यानंतर बसला. बऱ्याच गाड्यांत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत ते स्कॅनरवर दिसतं. माझ्या गाडीबरोबर नवी घेतानाच दोन किल्ल्या आल्या होत्या. स्क्रीनवर आकडा होता ३. सगळ्या नोंदी पुसून माझ्या दोनच पुन्हा नोंदवून घेतल्या आणि आकडा डोळ्यांनी बघितला. कोडिंगसाठी किल्ल्या कुणाच्याही हाती दिल्यात, तर गाडी परत ताब्यात घेताना हा आकडा स्वतःसमोर दाखवायला लावा. जमलं तर कोडिंग चालू असताना शेजारी बसा.

अलार्म वेगळा आणि इमोबिलायझर वेगळा, हेही लक्षात ठेवा, कारण बोलताना दोन्हीची मुद्दाम सरमिसळ केली जाते. अलार्म अपरात्री उगाच वाजतो म्हणून एका ओळखीच्या माणसाला अख्खं अलार्म युनिट बदलायला सांगितलं होतं. दोष बोनेटच्या स्विचमध्ये होता. मळ साचून तो अडकत होता, त्यामुळे बोनेट उघडलंय असं गाडीला वाटायचं.

आता मी काम टाकतानाच लिहून घेतो: जुना पार्ट मला परत हवा, नव्याचा नंबर बिलावर हवा, आणि पार्ट बदलण्याआधी दुसऱ्या किल्लीने गाडी चालू करून बघायची. दुसरी किल्ली चालली तर दोष पहिल्या किल्लीत शोधायचा. दोन्ही अडल्या तर कॉइल आणि वायर, युनिट सगळ्यात शेवटी. या अटी ऐकून कुणी कुरकुरलं तर मी गाडी वळवतो.

फोटो समोर ठेवल्यावर त्या गॅरेजने दोन्ही युनिट्सचे पैसे मुकाट्याने परत केले. कोडिंगचे नाही दिले. “ते काम तर केलंय ना साहेब,” म्हणाला. केलं होतंच, एका किल्लीचं जास्त.