परागकणांच्या स्लाईडचा सेट: महिनाभर वापरल्यावर

आदिमानव जिथे राहायचा त्या जागेभोवती तेव्हा जंगल होतं की गवताळ माळ, तळं जवळ होतं का, हे मातीतल्या परागकणांवरून काढायला शिकतेय मी, आणि नुसत्या फोटोंवरून कण ओळखायला काही जमेना म्हणून ५० रेफरन्स स्लाईडचा (ताडून बघायला नाव माहीत असलेले कण बसवलेल्या काचांचा) हा बॉक्स मागवला.

आधी चांगलं सांगते. पाइनची स्लाईड ४००एक्सला लावली आणि मधलं अंग, दोन बाजूंना दोन हवेच्या पिशव्या, इतकं स्वच्छ दिसलं की परत कधी चुकणार नाही. त्या पिशव्यांमुळेच तो वाऱ्यावर लांब लांब जातो, त्यामुळे चुलीजवळच्या मातीत चार पाइनचे कण सापडले म्हणजे शेजारी पाइनचं झाड होतंच असं नाही. गवताचा कण गोल, जवळजवळ गुळगुळीत, एकच भोक आणि भोकाभोवती उचललेली कड. बहुतेक गवतं अशीच दिसतात, कुठलं गवत ते साध्या मायक्रोस्कोपमधून सांगता येत नाही, तिथे फायटोलिथ, म्हणजे वनस्पतीच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे बारीक कण, बघावे लागतात. लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या बीजाणूंची स्लाईड दिलीय हे फारच आवडलं, कारण सॅम्पलमध्ये ते मोजून टाकले की बाकीचे कण मातीत किती होते याचा हिशोब लागतो.

आता खरी तक्रार. निम्म्याहून जास्त स्लाईडवर अ‍ॅसिटोलिसिस केलेलंच नाही (आम्लाने कणाच्या आतलं सगळं काढून फक्त बाहेरची भिंत ठेवायची, ती प्रक्रिया). म्हणजे कण ताजे, आतला ऐवज तसाच, वर लाल रंग, दिसायला सुंदर. पण हजारो वर्षं चिखलात पडलेल्या कणाचं आतलं सगळं कुजून जातं, उरते ती फक्त बाहेरची चिवट भिंत, आणि ओळखायचं असतं त्या भिंतीवरच्या नक्षीवरून, जी या ताज्या कणांत नीट दिसतच नाही. माझे आठ दिवस गेले त्यात, सॅम्पलमधला एक कण घेऊन बॉक्समधली प्रत्येक स्लाईड पालथी घातली तरी जुळेना, शेवटी मला शिकवणाऱ्या बाईंनी त्यांच्याकडची साफ केलेली स्लाईड लावून दाखवली आणि दोन मिनिटांत ओळखला. दुसरं म्हणजे सगळं ग्लिसरीन जेलीत बसवलंय, कण अडकून बसतात. सिलिकॉन ऑइल असतं तर काचेवर सुईने हलकं टिचकवलं की कण लोळतो आणि सगळ्या बाजू दिसतात. शिवाय जेलीत कण हळूहळू फुगतो, त्यामुळे याच्यावर मापं घेऊ नका.

सोबतच्या पत्रकात नुसती नावांची यादी आहे, कण तिथे आला कसा याबद्दल एक ओळ नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं. इराकमधल्या शानिदार गुहेत निअँडरथल या आदिमानवाच्या सांगाड्याजवळ फुलांच्या परागकणांचे पुंजके सापडले, आणि मृताला फुलं वाहिली असं म्हटलं गेलं. पुढे इतरांनी दाखवून दिलं की बिळं करणारे उंदरासारखे प्राणी किंवा जमिनीत घरटी करणाऱ्या मधमाश्याही तो पराग आत नेऊ शकतात. कण कुठल्या फुलांचे यापेक्षा मोठा वाद ते आत कसे आले याचा आहे, आणि शिकणाऱ्याला हे पहिल्या दिवशी कळायला हवं.

५ पैकी ३ स्टार. डोळा तयार करायला घ्या, पाइन, गवत, लायकोपोडियम यासाठी पैसे वसूल आहेत. पण ऑर्डर करायच्या आधी विक्रेत्याला दोन गोष्टी लेखी विचारा, अ‍ॅसिटोलिसिस कुठल्या कुठल्या स्लाईडवर केलंय आणि सिलिकॉन ऑइलमधला सेट मिळतो का.