टॅलीप्राइमचा एज्युकेशनल मोड: खान्देशातल्या बी.कॉम.वाल्यांनी कसा वापरावा

बी.कॉम.ला प्रवेश झाला की जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही पहिला सल्ला मिळतो तो "टॅलीचा क्लास लावून टाक". सल्ला वाईट नाही, पण घाईचा आहे. हिशेब ठेवण्याचं हे सॉफ्टवेअर, म्हणजे टॅलीप्राइम, घरच्या कॉम्प्युटरवर फुकट आणि रीतसर चालतं, आणि पदवीच्या अभ्यासाला त्यातलं जेवढं लागतं तेवढं मोफत आवृत्तीत मिळतं. कंपनीच्या वेबसाइटवरून सेटअप उतरवायचा, इन्स्टॉल करायचा आणि लायसन्सचा प्रश्न आला की एज्युकेशनल मोड निवडायचा. विंडोज ६४-बिट असायला हवं, जुन्या ३२-बिट मशीनवर ते चढत नाही. कुणी पेनड्राइव्हवर क्रॅक केलेली प्रत देत असेल तर घेऊ नका. शिकण्यासाठी जे मोफतच मिळतं ते चोरीचं घेऊन सोबत व्हायरस कशाला आणायचा?

या आवृत्तीची मोठी अडचण तारखांची आहे. व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, फक्त महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच टाकता येतं. पुस्तकातल्या उदाहरणात "१२ एप्रिलला उधारीवर माल घेतला" असं असेल तर १२ तारीख घेतलीच जात नाही, आणि नव्या विद्यार्थ्याला वाटतं इन्स्टॉलेशनच बिघडलं. त्यावर सोपी वाट अशी: सुरुवातीचे व्यवहार १ तारखेला टाका, महिनाभराचे २ तारखेला, वर्षअखेरच्या समायोजनाच्या नोंदी ३१ मार्चला, आणि खरी तारीख नॅरेशनमध्ये (नोंदीखालच्या तपशिलात) लिहा. नफा-तोटा आणि ताळेबंद त्याने बदलत नाहीत. बदलतं ते दिवसांवर बेतलेलं गणित: व्याज, सरासरी देय तारीख, चालू खाते. ही प्रकरणं वहीतच सोडवायची.

आता वापराकडे. ऑल्ट+के दाबून कंपनी तयार करताना दोन रकाने नीट भरा. एक, आर्थिक वर्षाची सुरुवात १ एप्रिल आणि पुस्तकं सुरू होण्याची तारीखही तीच. दुसरा, राज्य महाराष्ट्र. राज्याचा रकाना चुकला की पुढे जीएसटीची सगळी उदाहरणं चुकतात. त्यानंतर एफ११मध्ये "इंटिग्रेट अकाउंट्स विथ इन्व्हेन्टरी" हा पर्याय बघा. बी.कॉम.च्या अंतिम लेख्यांच्या प्रश्नात अखेरचा साठा आयता दिलेला असतो, मालनिहाय नोंदी नसतात. अशा वेळी हा पर्याय "नो" ठेवून "स्टॉक-इन-हँड" गटात एक लेजर (खातं) उघडायचं आणि साठ्याची रक्कम त्या लेजरमध्येच तारखेसह भरायची. "यस" राहिला तर टॅली स्वतःच्या साठ्याच्या नोंदीवरून किंमत काढतं. नोंदी नसल्याने अखेरचा साठा शून्य येतो आणि एकूण (ग्रॉस) नफा तेवढ्याने खाली जातो. ताळेबंद दोन्हीकडून जुळलेलाच दिसतो, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

टॅलीत आधीपासून २८ गट असतात, १५ प्राथमिक आणि १३ उपगट. खाती फक्त दोन तयार मिळतात: कॅश आणि प्रॉफिट अँड लॉस. बाकी प्रत्येक खातं तुम्ही कोणत्या गटात टाकता त्यावर सगळं अवलंबून, आणि विद्यार्थ्याचं लेखाशास्त्र इथेच कळून येतं. हमालीचंच घ्या. माल गोदामात उतरवून घेतानाची हमाली "डायरेक्ट एक्स्पेन्सेस"मध्ये जाते, म्हणजे व्यापार खात्यात. गिऱ्हाइकाच्या गाडीत माल चढवून देतानाची हमाली "इनडायरेक्ट एक्स्पेन्सेस"मध्ये, म्हणजे नफा-तोटा खात्यात. दोन्ही एकाच लेजरात कोंबली तर निव्वळ नफा तोच राहतो, पण एकूण नफा चुकतो आणि गुणोत्तर विश्लेषणाच्या प्रश्नात त्याचा फटका बसतो. मालकाची उचल खर्चात न टाकता "कॅपिटल अकाउंट"खाली टाकायची. दिलेलं कर्ज आणि घेतलेलं कर्ज यांचे गट वेगळे आहेत, नावं वाचून निवडा.

कळपट्टीवर हात बसायला वेळ लागत नाही. एफ४ काँट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. ऑल्ट+एफ५ डेबिट नोट, ऑल्ट+एफ६ क्रेडिट नोट. व्हाउचर भरता भरता नवं लेजर लागलं तर ऑल्ट+सी, जतन करायला कंट्रोल+ए. बँकेत रोकड भरल्याची नोंद एफ५ला टाकणारे खूप असतात. रोकड आणि बँक यांच्यातली देवघेव म्हणून ती काँट्रा आहे, एफ४.

जीएसटीसाठी खान्देशासारखा सरावाचा मुलूख शोधून सापडणार नाही. रावेरहून बऱ्हाणपूर जवळ, पण ते मध्य प्रदेशात. नवापूरच्या रेल्वे स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात तर अर्धा गुजरातेत. धुळ्याचा कापड दुकानदार सुरतेहून माल आणतो. म्हणजे राज्यांतर्गत आणि आंतरराज्य विक्रीचा फरक पुस्तकातच शोधायला नको. एक उदाहरण पूर्ण करून बघा. धुळ्याच्या दुकानदाराने सुरतेहून १,००,००० रुपयांचं कापड घेतलं, कर ५ टक्के. पुरवठादाराचं लेजर "संड्री क्रेडिटर्स"मध्ये, राज्य गुजरात, जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक २४. महाराष्ट्राचे २७ असतात, मध्य प्रदेशाचे २३. एफ९मध्ये खरेदी १,००,००० आणि आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहाराचा कर) ५,०००. मग त्यातलं काही कापड धुळ्यातच ८०,०००ला विकलं: एफ८मध्ये सीजीएसटी (केंद्राचा वाटा) २,००० आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) २,०००, गिऱ्हाइकाकडून येणं ८४,०००. आता वजावट. आयजीएसटीचं क्रेडिट सीजीएसटी आणि एसजीएसटी दोन्हींना वापरता येतं, म्हणून एफ७मध्ये सीजीएसटी २,००० नावे, एसजीएसटी २,००० नावे, आयजीएसटी ४,००० जमा. सरकारला रोख काही भरायचं नाही आणि १,००० रुपयांचं आयजीएसटी क्रेडिट शिल्लक राहतं. सीजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटीला लावायला मात्र कायदा परवानगी देत नाही, आणि परीक्षेत नेमकं तेच विचारतात.

या उदाहरणात पुरवठादाराचं राज्य चुकून महाराष्ट्र राहिलं तर आयजीएसटीचं लेजर निवडूनही रक्कम येत नाही. मग घाबरून आकडा हाताने टाकला जातो. तसं करू नका, मागे जाऊन लेजर दुरुस्त करा.

सरावाला स्थानिक धंदे घ्या. ताज्या केळीला कर माफ आहे, म्हणून स्टॉक आयटममध्ये "एक्झेम्प्ट" निवडायचं. सोन्याला ३ टक्के. जिनिंगवाल्याने शेतकऱ्याकडून कापूस घेतला तर कर रिव्हर्स चार्जने घेणाऱ्यालाच भरावा लागतो. हा विषय थोडा पुढचा आहे, पण तिसऱ्या वर्षापर्यंत जमायला हवा. आणि पुस्तकाची आवृत्ती तपासा. २२ सप्टेंबर २०२५पासून बहुतेक वस्तूंचे १२ आणि २८ टक्क्यांचे दर गेले आहेत. त्याआधीच्या पुस्तकातली उदाहरणं पद्धत शिकायला चालतील, दर शिकायला नाही.

टॅलीची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे एंटर कळ. ताळेबंदावर उभं राहून एंटर दाबत गेलं की गट उघडतो, गटातून खातं, खात्यातून महिना, महिन्यातून थेट व्हाउचर. "हा आकडा आला कुठून?" हा प्रश्न वहीत विचारायचा तर पाच पानं उलटावी लागतात. इथे दहा सेकंदांत उत्तर मिळतं. आधी वहीत रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद करावा, मग तेच उदाहरण टॅलीत घालावं आणि दोन्हींत जिथे फरक पडतो तिथपर्यंत एंटर दाबत उतरावं. या एका सवयीने जे समजतं ते नोट्स पाठ करून समजत नाही.

उलट क्रमाने केलं तर टॅली नुकसान करतं. खतावणी ते स्वतःच करतं, शिल्लक स्वतःच काढतं, आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय व्हाउचर जतनच करू देत नाही. त्यामुळे तेरीज नेहमी जुळते. चुकांची दुरुस्ती या प्रकरणातले "विक्री पुस्तकाची बेरीज १०० रुपयांनी कमी आली" किंवा "खात्यात चुकीच्या बाजूला नोंद झाली" असले प्रश्न टॅलीत घडूच शकत नाहीत, म्हणून उचंत (सस्पेन्स) खात्याचा सराव तिथे होत नाही. तत्त्वाची चूक मात्र अगदी आरामात घडते. फर्निचर खरेदी खात्यात टाका, ते निमूट घेईल आणि तेरीज जुळवून दाखवेल. सुरुवातीच्या शिलकांत चूक असेल तर तेवढी तेरजेत "डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस" म्हणून वेगळी दिसते. ती ओळ दिसली की पहिलं भांडवल खातं बघा, बहुतेक वेळा ते चुकून नावे पडलेलं असतं. घसाराही टॅली आपोआप काढत नाही, हिशेब करून एफ७नेच टाकायचा.

भागीदारीतला नव्या भागीदाराचा प्रवेश, नावलौकिकाचं मूल्यांकन आणि परिव्यय लेखांकनातली प्रक्रिया खाती यांच्यासाठी टॅली उघडायची गरज नाही. कंपनी लेख्यांत कंपनी कायदा २०१३च्या अनुसूची ३चा नमुना हाताने लिहूनच बसवावा लागतो.

अंकेक्षणाच्या पेपरला मात्र एक भाग आवर्जून वापरा: एडिट लॉग. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे. लॉग चालू करा, एखादं व्हाउचर बदला, एक ऑल्ट+डी करून पुसा, आणि मग काय नोंद राहिली ते पाहा. ऑडिट ट्रेल म्हणजे काय ते व्याख्येपेक्षा असं बघून जास्त पक्कं होतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये आणि घरी दोन्हीकडे काम करणार असाल तर आधी दोन्हीकडची रिलीज (टॅलीची आवृत्ती) एकच आहे का ते बघा. नव्या रिलीजमध्ये केलेला डेटा जुन्या रिलीजमध्ये उघडत नाही, आणि हे प्रात्यक्षिकाच्या दिवशी कळलं तर फार पंचाईत होते. लॅबमधली मशीनं कधी फॉरमॅट होतील सांगता येत नाही, म्हणून उठण्याआधी ऑल्ट+वाय दाबून बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या.