तांग दरबारातल्या स्त्रिया की छिंग सम्राज्ञी?

मैत्रीण दोन कॅनव्हास प्रिंटांत अडकलीय. पहिलं चिनी चित्रकार झोऊ फांगच्या नावावर असलेलं तांगकालीन (चीनमधली सातव्या ते दहाव्या शतकातली राजवट) चित्र: अंबाड्यात भलीमोठी फुलं माळलेल्या दरबारी स्त्रिया. मूळ चित्र रेशमावर, साधारण ४६ बाय १८० सेंटीमीटर. म्हणजे सोफ्यावरची लांबट भिंत हवीच. चौकोनात बसवायला कापलं की कुणीतरी अर्धी होते. शिवाय झिरझिरीत झग्यातून दिसणारा दंड जाड विणीत हरवतो. बारीक विणीचा, बिनचमकीचा कॅनव्हास घ्यावा, तो महाग पडतो.

दुसरं छिंग, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्यातल्या, सम्राज्ञीचं व्यक्तिचित्र. उभ्या आकाराचं, समोरून रोखून पाहणारं, एकेका कानात तीन-तीन डूल. रंग ठसठशीत, त्यामुळे साधं प्रिंटही खपून जातं. पण जेवताना ती बघतेय असं वाटतं, बाई! थेट ऊन दोन्हींना नको.

लांब भिंत आणि सैल हात असेल तर तांग; अरुंद पॅसेजला छिंग.