अ‍ॅबरिस्टविथचे युद्धस्मारक: पुतळा किल्ल्यावर, माणसे ग्रंथालयात

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अ‍ॅबरिस्टविथ या लहानशा गावाचे युद्धस्मारक पडक्या किल्ल्याजवळ, समुद्रात घुसलेल्या टोकावर आहे. १९२३ सालचे हे काम पालेर्मोच्या मारिओ रुतेल्लीचे. रोमच्या नायड कारंज्यावरच्या ब्राँझच्या जलकन्याही त्याच्याच. वर उंच स्तंभावर पंख पसरलेली विजयदेवता आहे, पण थांबावे ते पायथ्याशी. तिथे काटेरी गुंत्यातून अंग सोडवत एक विवस्त्र स्त्री बाहेर येते: युद्धातून सुटणारी मानवता. गावोगावच्या बंदूकधारी शिपायांच्या पुतळ्यांपेक्षा हे कितीतरी धीट आणि खरे वाटते. दुपार कलल्यावर जावे. तिरप्या उन्हात ब्राँझवरचे बारकावे आणि युद्धात पडलेल्या गावकऱ्यांची नावे दोन्ही उठून दिसतात. अक्षरांवर खडू घासू नये, फोटो पुरतो. किल्ल्याला तिकीट नाही. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने तो १२७७ मध्ये बांधायला घेतला आणि इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात, १६४९ मध्ये, पार्लमेंटच्या फौजेने सुरुंग लावून उडवला.

नावे टिपून घेतली की खरी अडचण सुरू होते. वेल्समध्ये जोन्स, डेव्हिस, इव्हान्स इतके, की नुसत्या नावावरून माणूस सापडत नाही. त्यात लंडनवरच्या १९४० च्या बाँबहल्ल्यात पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या सेवानोंदींपैकी अर्ध्याहून अधिक जळाल्या. म्हणून पेन्ग्लाइस टेकडीवरचे नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्स गाठावे. तिथल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या संग्रहाला तोड नाही: १९१९ पर्यंतची ११ लाखांवर पाने, घरबसल्या आणि फुकट. शोधताना आडनाव, गल्ली किंवा चॅपेल (लहान प्रार्थनाघर) आणि पलटण असे तिन्ही मिळून टाकावे.

शोध फसतो तो दोन कारणांनी. एक, यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईत अक्षरे चुकतात. नाव मिळाले नाही तर गल्लीच्या नावाने पाहावे. दुसरे कारण वेल्श भाषेचे. मराठीत 'घोडा'चे 'घोड्याला' होताना शब्दाचा शेवट बदलतो, वेल्शमध्ये सुरुवातच बदलते. गावातल्या 'त्रेवेखान' (Trefechan) भागाचे नाव 'त्रेवेखानमध्ये' म्हणताना 'न्ह्रेवेखान' (Nhrefechan) होते. दोन्ही रूपे टाकली नाहीत तर वेल्श वर्तमानपत्रांतल्या बातम्या हातून निसटतात, आणि चॅपेलमधल्या शोकसभांचे तपशील बहुधा त्यांतच असतात.

शेवटी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या, युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या यादीशी ताळा करावा. आईवडिलांचा पत्ता प्रत्येक नोंदीत नसतो. घरच्यांनी फॉर्म भरून परत पाठवला असेल तरच तो मिळतो, त्यामुळे पत्ता नाही म्हणून नोंद बाद करू नये. मेसोपोटेमियात पडलेले मराठा पलटणींतले शिपाईही याच यादीत आहेत. फक्त पलटणीचे नाव शोधताना जुने इंग्रजी स्पेलिंग वापरावे: 'आर'च्या आधी 'एच', पुढे दोन 'टी' (Mahratta).

श्रूजबरीहून येणारी गाडी मखन्थलेथला दुभंगते आणि मागचे-पुढचे डबे वेगवेगळ्या दिशांना जातात. अ‍ॅबरिस्टविथचे डबे कोणते, ते चढतानाच विचारून घ्यावे. स्टेशनापासून किल्ला पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. ग्रंथालय मात्र उलट दिशेला, खड्या चढावर. वाचनकक्षाच्या वेळा आधी पाहून तिथे सकाळीच जावे आणि स्मारक उतरत्या उन्हासाठी ठेवावे.